आधी मूठ, मग पिस्तूल

नौपाडा, ठाणे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रात्री अकरा वाजता पाठवलेले तुझे तिन्ही फोटो पाहिले. एक ऑर्डनन्स फॅक्टरीच्या .३२ रिव्हॉल्व्हरचा, एक .२२ पिस्तुलाचा आणि एक लालभडक एअर पिस्तुलाचा. खाली एकच ओळ, "सर, यातलं कुठलं घेऊ?" उत्तर मोबाइलवर टाइप करायला बसलो तर अंगठा दुखायला लागला, म्हणून सरळ कागद घेतला.

रिव्हॉल्व्हरचं आधी उरकतो. ती स्वसंरक्षणासाठी केलेली वस्तू आहे. नळी आखूड, ट्रिगर जड, मूठ कुणाच्याही हातात बसावी अशी, म्हणजे नेमकी कुणाच्याच हातात न बसणारी. २५ मीटरवर सेंटर फायर नावाची स्पर्धा असते आणि तिथे .३२ चालतं हे खरं, पण त्या पिस्तुलांची घडणच निराळी. तुला नेम धरायला शिकायचंय ना? मग तो फोटो पुसून टाक.

.२२ चं म्हणशील तर त्याला परवाना लागतो. ऐरोली नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येते, त्यामुळे अर्ज तिकडे, मग पडताळणी, घरी हत्यार कुलपात ठेवायची सोय दाखवणं, सगळं रीतसर. शस्त्र कायद्यात वयाची अट २१ ची आहे. खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, पण तुझी घाई त्या लायकीची नाही अजून. खरं कारण वेगळंच आहे. .२२ ला आवाज आहे, धक्का आहे. नवा माणूस ट्रिगर दाबण्याआधीच बिचकायला लागतो, आणि एकदा लागलेलं बिचकणं काढायला वर्ष जातं. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक आणलं, तू त्याच वाटेने जाशीलही. पण पाया दहा मीटरवर घाल.

म्हणजे एअर पिस्तूल. .१७७ बोअरचं, ज्याला पेलेटवाले ४.५ मिलिमीटर म्हणतात. २० जूलच्या आतल्या जोराच्या अशा हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही, आणि मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेचं पिस्तूल, त्याच्या कितीतरी खाली असतं. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. एसटीच्या मागच्या बाकावरून पुढच्या काचेवर चिकटवलेलं बटण बघ, साधारण तेवढं ते दिसतं. त्यावर ७५ मिनिटांत ६० गोळ्या, एका हाताने, दुसरा हात खिशात. धडधडीत आवाज नाही, धूर नाही. सिनेमातली मजा शोधणारे दुसऱ्या रविवारी यायचे बंद होतात.

आता मुद्द्यावर येतो. लाल की निळं, जर्मन की ऑस्ट्रियन, हे सगळं नंतर. आधी मूठ. लाकडाची ती ग्रिप स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापात येते आणि एका कंपनीचं मीडियम दुसरीच्या स्मॉलएवढं असू शकतं, चपलांसारखंच. हातात घेतल्यावर "छान वाटतं" ही परीक्षा नव्हे. परीक्षा अशी करायची: पिस्तूल रिकामं आहे याची खात्री कर, मूठ धर, भिंतीकडे उभी राहा, डोळे मिट, हात उचल, दोन श्वास घे, मग डोळे उघड. पुढची साइट मागच्या खाचेच्या बरोबर मधे दिसली पाहिजे. दहा वेळा कर. दहाही वेळा ती डावीकडे गेली असेल तर ग्रिप चुकीची आहे किंवा ती फिरवून लावायला हवी. मनगट वळवून ती मधे आणायची नाही. मनगट पहिल्या वीस गोळ्यांपुरतं ऐकतं, चाळिसाव्या गोळीला आपल्या मूळ जागी परत जातं आणि छर्रा आठात.

दोन गोष्टी आणखी बघ. ट्रिगरवरचं बोट लाकडाला घासता कामा नये, मधून कागद सरकला पाहिजे. आणि तळव्याखालची फळी हाताला टेकावी, चिमटू नये.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. माझं पहिलं पिस्तूल खेळ सोडलेल्या एकाकडून घेतलं, स्वस्तात. ग्रिप लार्ज, माझा हात मीडियम. दोन रविवार गॅलरीत बसून वुड पुट्टीचे थर चढवले. हात असा बसला की वाटलं, आता काय, पदकच. स्पर्धेच्या सकाळी तपासणीच्या टेबलावर ती पेटी असते, आतून ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटर. पिस्तूल तिच्यात बसलं पाहिजे. माझं बसेना. पुट्टीचा फुगवटा कडेला अडकला. तपासणारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "वीस मिनिटं आहेत." एका मुलीच्या आईने पर्समधून नखांची कानस काढून दिली. पांढरी भुकटी नव्या पँटवर सांडत मी घासत बसलो. बसवलं एकदाचं, पण मूठ खडबडीत झाली, घाम आला की सरकायची, आणि त्या दिवशीचे सगळे छर्रे डाव्या बाजूला गठ्ठ्याने. ती ग्रिप अजून माझ्याकडे आहे, शनिवारी दाखवतो.

सेकंड हँड घेऊ नको असं म्हणत नाही. नवं परदेशी मॅच पिस्तूल लाखाच्या पुढेच जातं, आणि तुझ्या बाबांच्या रिक्षाच्या हप्त्याचं मला ठाऊक आहे. पण जुनं घेताना आधी हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाच. उत्पादनापासून साधारण दहा वर्षं एवढंच त्याचं आयुष्य धरतात, आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. विकणारा पिस्तुलाची पॉलिश दाखवतो, सिलिंडर फिरवून तारखेची बाजू खाली ठेवतो. माझ्या त्या स्वस्त पिस्तुलाचं सिलिंडर वर्षभरात बदलावं लागलं, तेव्हा स्वस्ताई कुठे गेली ते कळलं.

ट्रिगरचं थोडक्यात. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा लागतो, नळी वर करून वजन ट्रिगरला टांगून तपासतात. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर मऊ लागतो, लोक त्याच्या प्रेमात पडतात. तुला मेकॅनिकल घे असंच सांगेन. टोकियोत २०२१ मध्ये मनू भाकरचं इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं पिस्तूल पात्रता फेरीत मधेच बिघडलं, वेळ गेला, ५७५ वर बारावी आली. तिच्यासोबत प्रशिक्षक होते, दुसरं पिस्तूल होतं. तुझ्यासोबत कोण असणार, मी आणि माझा स्क्रूड्रायव्हर. (तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच स्पर्धेत तिने कांस्य घेतलं, तेही लक्षात ठेव.)

म्हणून ब्रँड कुठला, याचं माझं उत्तर कुणाला आवडत नाही: तुझ्या रेंजवर जे सगळ्यात जास्त जणांकडे असेल ते. स्टायर असो, वॉल्थर असो, मोरिनी असो, नळ्या सगळ्यांच्या तुझ्या-माझ्या हातापेक्षा चांगल्याच आहेत. पण ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, गेली तर शेजारच्या लेनवाल्याच्या डबीत ती सापडली पाहिजे. तुला ऐरोलीहून सरळ गाडीने पनवेल गाठता येतं, तिथे ऑलिंपिक खेळलेल्या नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब आहे. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. दोन्हीकडे जाऊन लोकांच्या पेट्या बघ, विचार. नेमबाज माणूस पिस्तुलाबद्दल विचारलं की थांबत नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्याचंही सांगायला हवं. हातपंपाने दोनशे बारपर्यंत हवा भरली की जुलैतली ओलही आत जाते. कोरड्या हवेच्या मोठ्या टाकीवरून भरून घे, आणि पिस्तुलाच्या केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेव. नाहीतर गणपतीला पेटी उघडशील तेव्हा स्क्रूवर तांबूस डाग दिसतील.

लोकलमध्ये केस उघडायची नाही, मैत्रिणीने कितीही आग्रह केला तरी. लांबून ते खऱ्या हत्यारासारखंच दिसतं. नळीत ती रिकामी असल्याचं दाखवणारी सुरक्षा दोरी, केसला कुलूप, आत बिल आणि ओळखपत्राची प्रत. छर्रे शिशाचे असतात, हात साबणाने धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही.

आणि पैसे आताच काढू नका. तीन महिने क्लबचं पिस्तूल वापर. घरी रोज पंधरा मिनिटं एक लिटरची पाण्याची बाटली भरून खांद्यासमोर धर, वजन मॅच पिस्तुलाएवढंच जवळपास भरतं. हात थरथरेल. थरथरू दे, सगळ्यांचाच थरथरतो, फक्त वर्तुळ लहान होत जातं.

शनिवारी चारला ये. माझ्याकडे स्मॉल आणि मीडियम दोन्ही ग्रिप आहेत, डोळे मिटून बघू. येताना उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख कापून ये.

तुझे,
सर