बायका कामाला लावल्या आणि ऑर्डर थांबली तर?

घरगुती धंदा वाढायला लागला की बहुतेक ताया हाच प्रश्न घेऊन येतात. सोलापूर भागातल्या कडक भाकरी करणाऱ्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आकडेही गोल केलेत.

ताई आणि त्यांची जाऊ मिळून रोज दोनशे भाकरी करत. पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं रोज हजार मागितल्या, भाव बारा रुपये, पैसे पंचेचाळीस दिवसांनी. घरात दोन तट पडले. दीर म्हणे, अनुदान घ्या आणि मशीन बसवा. सासूबाई म्हणत, आहे तेवढं बास. ताईंची भीती वेगळीच होती. "मॅडम, सात बायका कामाला लावल्या आन् उद्या त्यानं माल बंद केला, तर गल्लीत कुठल्या तोंडानं फिरू?"

ही भीती भित्रेपणाची नाही. बायका गल्लीतल्याच असतात आणि त्यांचा पगार बुडाला की नातं बुडतं. मात्र धीर देऊन अशी भीती जात नाही. वही उघडावी लागते.

ताईंच्या हिशेबात एका भाकरीमागे सहा रुपये सुटत होते. ज्वारी, दळण, तीळ-मीठ मिळून चार रुपये, गॅस एक, पिशवी-लेबल-खोका एक. मजुरीचा रकानाच नव्हता, कारण मजूर त्या स्वतः आणि जाऊ. तो रकाना घातला. सराईत बाई पातळ थापून, भाजून, मग मंद आचेवर कडक करून दिवसाला साधारण १४० भाकरी काढते. नगामागे अडीच रुपये धरले तर तिला ३५० पडतात. फुटीचे साठ पैसे आणि वाहतुकीचे नव्वद पैसे मिळवल्यावर खर्च दहा रुपयांवर गेला. म्हणजे सहा नव्हे, दोनच रुपये हाती.

आता व्यापाऱ्याची अट बघा. हजार भाकरी म्हणजे रोज दहा हजारांचा खर्च. महिन्याला पंचवीस दिवस काम धरलं तर अडीच लाख, आणि पैसे दीड महिन्यानं येणार म्हणजे पावणेचार लाख अडकले. ताईंची शिल्लक चाळीस हजार. चौथ्या दिवशी हात रिकामे. ऑर्डर थांबायची वाटच बघायला नको, ती चालू असतानाच पगार थकला असता. धंदे असेही बुडतात, भरभराटीत.

मशीनचं काय? असंघटित अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली केंद्राची योजना आली. तिच्यात खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे. पण ते कर्जाला जोडलेलं आहे. आधी बँकेनं कर्ज मंजूर करायचं, किमान १० टक्के स्वतःचे घालायचे. (अर्ज सध्या घेतात का, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारून मगच कागद जमवा.) योजना चांगली आहे, पण इथे अडचण मशीनची नव्हती, खेळत्या भांडवलाची, म्हणजे रोज हाताशी लागणाऱ्या पैशाची होती. हप्ता मात्र सुरू झाला असता.

ठरलं ते असं. हजार नाही, २८० भाकरी. दोनच बायका. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल पोचल्यावर सात दिवसांत. रोज खिशातून ११२० रुपये जातात, दोन आठवड्यांचे अडकले तरी चौदा हजारांच्या आत. दोघींचा महिन्याचा पगार १७,५००, तो वेगळ्या खात्यात. तिथून गॅससुद्धा भरायचा नाही. दोघींना पहिल्याच दिवशी सांगितलं: पगार दर शनिवारी, ऑर्डर थांबली तर महिनाभर आधी कळवू, आणि त्या महिन्याचे पैसे बाजूला ठेवलेत. शब्द देण्याआधी पैसे ठेवले की शब्द जड जात नाही.

व्यापाऱ्यानं कुरकुर केली, पण मानलं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती करून घेतली. २००६ च्या कायद्यानं नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे ठेवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. कोर्टकचेरी कोणी करत नाही म्हणा, पण बिलावर नोंदणी क्रमांक दिसला की बोलण्याचा सूर बदलतो.

पहिला आठवडा तरीही फसला. एकीच्या भाकरी जाड, दुसरीच्या पापडासारख्या. एका खोक्यातला माल तर पोचेपर्यंत मऊ पडला. मऊ पडण्याचं कारण सोपं होतं: भाकरी कोमट असतानाच पिशवी बंद केली, आतल्या आत घाम धरला. आता परातीत उभ्या लावून पूर्ण गार होऊ देतात, मगच पिशवी. जाडीचा प्रश्न तराजूनं सुटला, प्रत्येक गोळा १२५ ग्रॅमचा. पीठ चार दिवसांपुरतंच दळायचं, कारण विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेली की थापताना कडा चिरतात आणि तीच भाकरी पुढे खोक्यात फुटते. पीठ मळायचं एकाच बाईनं, एकाच जागी. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जतचे पापड सुरू केले. त्या संस्थेत आजही पीठ केंद्रावर मळतात आणि लाटायला घरी देतात. हजारो हातांचा पापड एकसारखा लागतो तो त्यामुळे.

तिसऱ्या महिन्यात ताई पुन्हा आल्या, वेगळीच अडचण घेऊन. माल सुरळीत होता, सोलापुरातलं एक दुकानही जोडलं गेलं होतं. पण जाऊ कामाला येईना. कंबर दुखते म्हणे. कधीपासून, असं विचारलं तर ताईंनी जरा थांबून सांगितलं, "पहिला शनिवार झाला तवापासून."

शनिवारी दोघींच्या हातात पाकीट पडत होतं. तीन वर्षं चुलीपुढे बसलेल्या जावेला मात्र 'घरचीच आहे' म्हणून काही नाही. भाव बदलायची गरज नव्हती, कारण नगामागे अडीच रुपये मजुरी घरच्या दोनशे भाकरींनाही लागू होत होती. वहीच्या शनिवारच्या पानावर दोन नावं होती. ताईंनी तिथेच पेन मागून घेतलं आणि तिसरं नाव जावेचं लिहिलं. मग त्याखाली, जरा लाजत, स्वतःचं.