जुना लॅपटॉप, लिनक्स आणि लग्नपत्रिका

प्रश्न : माझा लॅपटॉप दहा वर्षं जुना आहे, रॅम 4 जीबी. विंडोज 10 चे अपडेट बंद झाले आणि 11 यावर चढत नाही. विंडोजऐवजी कोणतं लिनक्स टाकू? मी घरून लग्नपत्रिका, हँडबिलं करतो, पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीवर (मराठी फॉन्ट-टायपिंगचं).

उत्तर : डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, निवडण्यात आठवडा घालवू नका हो, लोक तिथेच अडकतात. लिनक्स मिंट घ्या, त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, 4 जीबीत आरामात चालते. आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालू करून बघा, वायफाय लागतंय का, प्रिंटर दिसतोय का, मगच हार्डडिस्कला हात लावा आणि त्याआधी बॅकअप!

खरी गोम तुमच्या कामात आहे. पेजमेकरऐवजी स्क्रायबस आहे, पण 1.6 किंवा नंतरचंच घ्या, कारण जुन्या 1.4 मध्ये देवनागरी जोडाक्षरं धड जुळत नव्हती. आणि श्रीलिपीचा जुना मजकूर युनिकोड (फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच ठेवणारी पद्धत) नाही, फॉन्ट बदलला की 'चि. सौ. कां.'च्या जागी भलतीच चिन्हं उमटतात, म्हणून तो आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि रफार, ऱ्हस्व वेलांटी डोळ्यात तेल घालून तपासा, नवरीचं नाव चुकलं तर गिऱ्हाईक सोडत नाही. पत्रं, हिशोब लिबरऑफिसमध्ये होतील, फोटोंना गिंप आहे, सुरुवातीला चिडचिड होईल त्याची. जुन्या पेजमेकर फायली उघडल्या तरी मांडणी हलते, त्यामुळे लग्नाचा सीझन संपेपर्यंत विंडोज शेजारीच ठेवा, नेट न जोडता.