जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या घेताय? आधी हे वाचा

चोरबाजारात पहिल्यांदा गेलात की लेबल बघून हुरळून जाऊ नका. तबकडी उजेडात तिरपी धरा. खाचा करड्या दिसल्या तर ती झिजलेली, सोडून द्या. मग कडेवरून बोट फिरवा. केसाएवढी चीर नखाला लागते, डोळ्याला दिसत नाही.

७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या लाखेच्या असतात. त्या स्पिरिटने पुसायच्या नाहीत, लाख विरघळते! मी सुरुवातीला हा उद्योग केलाय, चांगली तबकडी हातची घालवली. ओलसर मऊ फडकं पुरतं. एलपीची (नंतरच्या, सावकाश फिरणाऱ्या तबकडीची) सुई यांना चालत नाही, खाच रुंद असते. चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुई दर बाजूला बदला, कंजुषी नको. आणि ठेवायच्या उभ्याच.

गायकाच्या नावावर मात्र फार विसंबू नका. १९४९ च्या ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ घ्या. सुरुवातीच्या तबकडीवर लताबाईंचं नावच नाही, ‘कामिनी’ असं पात्राचं नाव छापलंय. तशी मिळाली तर भाव करत बसू नका, उचला.

एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावतात, त्यामुळे पडद्यावरचं एखादं कडवं गायब असेल. दुकानदाराशी भांडू नका.