वाचकांचे प्रश्न : वाळूत रुतलेली जेट स्की

प्रश्न : काका, आमची तीन सीटची जेट स्की किनाऱ्याजवळ नांगरून ठेवली होती. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची भरती. नांगर सुटला आणि लाटांनी ती वर नेऊन वाळूत आडवी टाकली. पाणी उतरल्यावर चौघांनी ढकलली, जागची हलेना. मग एकानं इंजिन चालू करून रिव्हर्स दिला, दुसऱ्यानं हँडलला दोर बांधून गाडीनं ओढली. कशीबशी सुटली, पण आता इंजिन नुसतं ओरडतं, वेग येत नाही. काय बिघडलं? आणि पुन्हा असं झालं तर काय करायचं?

उत्तर : बिघडलाय तो बहुधा पंप, आणि तो त्या रिव्हर्सनं. जेट स्कीचा पंप बुडाखालच्या जाळीतून पाणी ओढतो आणि मागे फेकतो. रिव्हर्स दिला म्हणून पंप उलटा फिरत नाही. मागे एक झडप खाली येते आणि तोच झोत पुढे वळतो. जाळी वाळूवर टेकलेली असेल तर पंप वाळूच ओढणार. आत इंपेलरची (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या पंख्याची) पाती आणि भोवतालची रिंग यांच्यात मिलिमीटरभरसुद्धा फट नसते. त्या फटीत वाळू गेली की रिंग ओरबाडते, पाणी बाजूनं निसटतं, आणि इंजिनाचे फेरे वाढूनही जोर लागत नाही. पंप उघडून बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये रिंग तेवढी वेगळी बदलता येते. पात्यांच्या कडा तुटल्या असतील तर इंपेलरही काढावा लागेल. थंड करायचं पाणीही बहुतेक मशिनांत याच पंपातून जातं, म्हणून ते मार्गही गोड्या पाण्यानं धुऊन घ्या.

आता पुढच्या वेळेचं. जेट स्की रुतलेली दिसली की आधी चावी आणि मनगटाची सुरक्षा दोरी काढून खिशात टाका. बुडाखाली किमान ९० सेंटिमीटर पाणी होईपर्यंत चावी खिशातून बाहेर काढायची नाही. इंजिनाचं काम तिथून पुढे सुरू होतं. वाळूतून सोडवण्याचं काम फावड्याचं आणि भरतीचं.

दुसरी गोष्ट तिथीची, आणि तुमच्या पत्रात मला हीच सर्वांत महत्त्वाची वाटली. उधाणाचं पाणी अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत सर्वांत वर चढतं. तिथून भांगापर्यंत, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या सर्वांत लहान भरतीपर्यंत, प्रत्येक भरती थोडी खालीच राहते. म्हणजे उधाणाच्या भरतीनं वर टाकलेली जेट स्की पुढच्या दोन-तीन भरत्यांत निघाली नाही, तर तितकं पाणी पुन्हा यायला जवळजवळ पंधरवडा लागू शकतो. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात. बहुतेक किनाऱ्यांवर हेच गणित चालतं, पण वेळ आपल्या किनाऱ्याच्या भरतीच्या तक्त्यावरूनच धरा. उलट भांगाच्या दिवसांत अडकली असेल तर घाई नको, पाणी रोज वाढतच जाणार आहे.

ओहोटीचे तास बसून घालवू नका. आधी वजन उतरवा. तीन सीटची मशीन सहज ३५० किलोच्या आसपास असते, त्यात भरलेल्या टाकीतलं पेट्रोल पन्नासेक किलो. आत शिरलेल्या पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे आणखी एक किलो. मागच्या बाजूला खाली पाणी काढायची बुचं असतात, ती उघडा, पुढचं टोक उचलून धरा आणि आतलं सगळं निथळू द्या. सीटही काढून ठेवा, म्हणजे आत साठलेली पेट्रोलची वाफ निघून जाईल. बुचं परत घट्ट बसवली का, हे दोघांनी वेगवेगळं तपासा.

मग खणायला घ्या. दोन्ही कुशींखालची वाळू काढा आणि पुढचं टोक समुद्राकडे वळवा. मागून लाट आली तर पाणी थेट डेकवर चढतं, म्हणून तोंड लाटांकडेच हवं. बुडाच्या रुंदीचा उतरता चर पाण्याच्या दिशेनं काढा. ओली वाळू बुडाला धरून ठेवते. सरळ ओढत बसलात तर ती सोडत नाही. दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं हलवा, कडेनं पाणी ओता, पकड सुटते. सुटली की खाली जाड पाइप किंवा हवेचे रोलर सरकवा. खडकाळ जागी नुसती फरफटत नेऊ नका. बुडाचा बाहेरचा थर एकदा फाटला की आतल्या फायबरमध्ये पाणी मुरतं.

पाणी लांब असतानाच चालत जाऊन नांगर समुद्राच्या बाजूला टाकून या आणि त्याचा दोर पुढच्या कडीला बांधा. भरती चढेल तसा दोर आवळत राहायचं, म्हणजे लाटा तिला आणखी वर ढकलू शकत नाहीत. गाडीनं जोरात ओढण्यापेक्षा माझा या दोरावर फार विश्वास आहे. पुढची कडी पाण्यावर तरंगणारी मशीन ओढण्यासाठी असते, वाळूत रुतलेली उपटण्यासाठी नव्हे. आणि हँडलला दोर तर कधीच नाही. गाडी लावायचीच असेल तर खणून, रोलरवर घेतल्यावर, झटका न देता. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि तुटला तर चाबकासारखा परततो. त्याच्या रेषेत माणूस नको.

तरंगायला लागल्यावर किनाऱ्याच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. एक लाट आली की सगळं वजन पायांवर येतं. मशिनच्या डाव्या-उजव्या कडेला उभे राहा. पुरेशा पाण्यात पोचल्यावर जाळीतली वाळू गळून पडावी म्हणून मशीन डावी-उजवी हलवा, मगच इंजिन चालू करा आणि खोल पाणी येईपर्यंत थ्रॉटल दाबू नका.

प्रश्न : जेट स्की लाटेत उलटली. सरळ करून दुसऱ्या बोटीनं ओढत आणली. आता स्टार्टर दाबला की नुसता ‘टक्’ आवाज येतो. बॅटरी नवी आहे.

उत्तर : पुन्हा दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी असावं. पाणी दबत नाही, त्यामुळे जबरदस्तीनं फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आजच मेकॅनिककडून स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढून घ्या. तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर तेही बदलावं लागेल. खारं पाणी आत जितके तास राहील तितका गंज.

पाणी दोन वाटांनी गेलं असेल. सरळ करायची दिशा मागच्या स्टिकरवर दाखवलेली असते, उलट्या दिशेनं फिरवलं की सायलेन्सरमधलं पाणी इंजिनात उतरतं. दुसरं, बंद इंजिनाची मशीन वेगानं ओढली की पंपातून पाणी दाबानं एक्झॉस्टमध्ये भरतं. ओढायचा वेग ताशी ८ किलोमीटरच्या वर नको. दोर दोन्ही बोटींच्या एकत्र लांबीच्या तिप्पट तरी असू द्या.

प्रश्न : वाळू धुताना नळी आधी लावायची की इंजिन आधी चालू करायचं?

उत्तर : आधी इंजिन, लगेच पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. इंजिन बंद असताना पाणी सोडलं तर ते एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये जातं. पाण्याशिवाय मात्र १५ सेकंदांहून जास्त चालवू नका.