अकरावी सायन्सला बायोलॉजी घेतलंय, वर्गात नक्की काय असतं? नुसतं पाठांतरच का?

प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मुलीची दहावी झाली, घोडबंदर रोडला राहता, ठाण्यातच पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) ॲडमिशन झालीय, आणि "सगळे म्हणतात बायो म्हणजे नुसतं पाठांतर, ती हुशार आहे, कंटाळेल का" असं तुम्ही विचारलंय. हे सगळे कोण ते न सांगता कळलं मला. प्रत्येक घरात एक असतोच. आमच्याकडे मोठे काका आहेत.

आधी तुमचं काय ते सांगून टाकते. स्टेट बोर्ड असेल तर पुस्तकात १६ धडे आहेत. सजीव म्हणजे काय इथून सुरुवात, मग वर्गीकरण, झाडांचं किंगडम, प्राण्यांचं किंगडम, पेशी, बायोमॉलिक्यूल्स, सेल डिव्हिजन, टिश्यू, फुलझाडांची रचना, एक अख्खा धडा झुरळावर (हो, झुरळ, त्याच्या १३ कप्प्यांच्या हृदयासकट), मग फोटोसिंथेसिस, रेस्पिरेशन, आणि शेवटी आपलं पचन, किडनी, हाडं. दहावीत ग्लायकॉलिसिसचं (पेशीत ग्लुकोज फोडण्याची प्रक्रिया) नाव घेऊन पुढे गेलेलो असतो, इथे त्याच्या १० पायऱ्या आणि प्रत्येक पायरीचं एन्झाइम येतं. बॉटनी आणि झूलॉजीला बहुतेक कॉलेजात वेगळे शिक्षक असतात आणि दोघांचं एकमेकांशी पटतंच असं नाही. मुलगी मराठी मिडियमची असेल तर दिवाळीपर्यंत जड जाईल, नंतर काही नाही, मीही त्यातलीच.

आता पाठांतराचं.

मी दहावीनंतर मॅथ्स सोडून बायो घेतलं तेव्हा आमच्या घरी जणू सुतक होतं. काका इंजिनियर, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत आयुष्य गेलं, त्यांचं म्हणणं एकच, डोकं असलेली मुलं गणित घेतात आणि उरलेली बायो घेऊन घोकत बसतात. हे ते माझ्या बाबांना नाही, मला सांगायचे, सगळ्यांसमोर, जेवताना. बाबा गप्प. धाकटे भाऊ ना.

त्या वर्षी गणपतीच्या आधी आमचं सेक्शन कटिंग सुरू झालं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोवळी दांडी दोन बोटांत धरायची आणि साध्या दाढीच्या ब्लेडने तिच्या इतक्या पातळ चकत्या काढायच्या की पाण्यात टाकल्यावर जवळजवळ दिसेनाश्या होतात. मग ब्रशने त्यातली चांगली उचलायची, सॅफ्रानिनमध्ये रंगवायची, ग्लिसरीनमध्ये ठेवायची, वर कव्हर स्लिप सुईने हळूच सोडायची, बुडबुडा आला की पुन्हा. आमच्या बॉटनीच्या मॅडम मायक्रोस्कोपला डोळा लावायच्या आणि न बघितल्यासारखं सरकवून द्यायच्या, "ही काय भाजी चिरलीस का?" चकती तिरकी गेली की संपलं, एका बाजूला पेशी दिसतात आणि दुसऱ्या बाजूला नुसता लाल राडा. माझी एकही पास होत नव्हती आणि पुढच्या आठवड्यात जर्नल सबमिशन.

तर गणपतीला आम्ही सगळे ऐरोलीला काकांकडे. आमच्यात तेरड्याच्या गौरी असतात. गौरीसाठी जुडी आणली होती त्यातल्या दोन-तीन दांड्या उरल्या आणि मी त्या काकूला विचारून घेतल्या (आजीला नाही विचारलं, ती देणारच नव्हती). तेरड्याची दांडी बघितलीय का कधी नीट? रसरशीत, जवळजवळ आरपार दिसणारी. ताईच्या कंपासमधली लाल शाई ग्लासभर पाण्यात टाकली, त्यात दांड्या उभ्या केल्या आणि ग्लास ओट्याच्या कोपऱ्यात, नैवेद्यापासून लांब. दुपारची जेवणं होईपर्यंत पानांच्या शिरा लाल दिसायला लागल्या होत्या. मग मी स्वयंपाकघरातच पाटावर बसून ब्लेडने चकत्या काढायला लागले आणि तिथे मायक्रोस्कोप नसला तरी नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं, कडेने गोल लाल ठिपके (पाणी वर नेणाऱ्या नळ्या, पुस्तकात झायलम) आणि मध्ये पांढरं.

काका पाणी प्यायला आत आले. "काय, घोकून झालं का?" असं नेहमीचं. मी न बोलता चकती बोटावर घेऊन त्यांच्या पुढे धरली आणि म्हटलं, काका, हे ठिपके सगळे कडेलाच का, मध्ये का नाहीत, सांगा. खरं सांगायचं तर मला छळायचं होतं, उत्तर मलाही माहीत नव्हतं, आम्हाला फक्त रिंगमध्ये असतात एवढं लिहून दिलं होतं.

आणि काका चष्मा लावून खाली बसले. माझ्या हातातून ब्लेड घेतलं, स्वतः दोन चकत्या काढल्या (वाईट), मग कुठल्यातरी लग्नपत्रिकेच्या मागे पेनाने काढायला लागले. वारा आला की दांडी वाकते, वाकताना एका बाजूने ताणली जाते आणि दुसऱ्या बाजूने दाबली जाते, मधल्या भागाला जवळजवळ काहीच होत नाही, मग मजबूत माल मध्ये भरून उपयोग काय, तो कडेलाच हवा, म्हणून आम्ही पोकळ पाइप वापरतो, म्हणून बांबू पोकळ. आणि मुळाचं काय, म्हणून मी विचारलं. मूळ वाकत नाही, ते ओढलं जातं, मग माल मध्ये एकत्र असला तरी चालेल. बघ बरं तुझ्या पुस्तकात. पुस्तक सोबत होतं, बघितलं, मुळात झायलम मध्येच होतं. आरती सुरू झाली तरी आम्ही दोघं आत. आजीने दोनदा हाक मारली. मक्याच्या दांडीत ठिपके रिंगमध्ये नसतात, विखुरलेले असतात, हे मी मुद्दाम सांगितलं तर म्हणाले कडेला जास्त दाट असतील बघ, आणि असतात.

एवढं सगळं झाल्यावर उठले, हात धुतले आणि म्हणाले, "पण हे इंजिनियरिंग झालं, तुमचं बायो पाठांतरच."

इतकी वर्षं झाली, अजून तेच म्हणतात. दरवर्षी गणपतीला. म्हणून सांगतेय, तुमच्या त्या सगळ्यांना एकच विचारा, दांडीत झायलम कडेला आणि मुळात मध्ये, हे पाठ करायचं का समजून घ्यायचं? पाठ करणारा परीक्षेत लिहितो, पण मायक्रोस्कोपखाली ठेवलेली स्लाइड दांडीची का मुळाची हे त्याला ओळखता येत नाही. स्पॉटिंगला (समोर ठेवलेला नमुना ओळखायचा ती परीक्षा) मार्क सगळ्यात जास्त तिथेच उडतात.

मी पुढे बीएस्सी आणि डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) केलं, आता ठाण्यातच हिस्टोपॅथॉलॉजीमध्ये आहे. डॉक्टरांनी काढलेला तुकडा मेणात बसवून मायक्रोटोमवर ३-४ मायक्रॉनची चकती काढायची, रंगवायची, स्लाइड करायची. चकती नीट बसली नाही तर इथेही पुन्हा कापा. अकरावीतलं ब्लेडचं प्रॅक्टिकल आणि माझा पगार यात फार अंतर नाहीये.

म्हणून मुलीला पहिली गोष्ट सांगा, प्रॅक्टिकल बुडवायचं नाही. मला ते इंटिग्रेटेड प्रकरण अजिबात पटत नाही, नाव एका कॉलेजात, मुलं दिवसभर क्लासमध्ये एमसीक्यू सोडवतायत, आणि जर्नल वर्षाच्या शेवटी कुणाचं तरी बघून एका रात्रीत उतरवलेलं. कांद्याच्या मुळाचं टोक चेपून त्यात मायटॉसिस (एका पेशीच्या दोन होणं) स्वतःच्या डोळ्याने न बघता ॲनाफेज (त्यातली एक पायरी) लिहिणारी मुलं आहेत आणि ती डॉक्टर होणारेत. असो.

दुसरी, चित्रं. अकरावी बायो अर्धं चित्रांवर चालतं. पेन्सिल टोकदार, शेडिंग नाही, लेबलच्या रेषा पट्टीने, एकमेकींना छेदायच्या नाहीत. चित्रकला यावी लागत नाही, बघता यावं लागतं. आणि शास्त्रीय नावाच्या दोन शब्दांखाली वेगवेगळ्या रेघा मारायच्या, एकच लांब रेघ मारली की काही शिक्षक मार्क कापतात, आमच्या मॅडम कापायच्या.

तिसरं म्हणजे तुम्ही ठाण्यात राहता, त्याचा फायदा घ्या. ऐरोलीला कोस्टल अँड मरीन बायोडायव्हर्सिटी सेंटर आहे, एका रविवारी घेऊन जा, तिथे तिवरांची चिखलातून वर आलेली मुळं दिसतील. ती श्वास घ्यायला वर येतात, कारण चिखलात हवा नसते. सोसायटीतल्या लोकांना ती झाडं मेल्यासारखी वाटतात. येऊरला कारवीची झुडपं आहेत, कारवी, आठ वर्षांतून एकदा फुलते. टिश्यूचा धडा वाचून झाल्यावर हे बघायला मजा येते, आधी नाही.

आता काही गोष्टी ज्या आधी लिहायला हव्या होत्या. पाठांतर अजिबात नाही असं मी म्हणत नाहीये. प्राण्यांच्या किंगडमचा धडा आणि वर्गीकरण घोकावंच लागतं, कुठल्या फायलममध्ये (प्राण्यांच्या मोठ्या गटात) काय आणि उदाहरण कुठलं, त्याला दुसरा इलाज नाही, लिहून लिहूनच बसतं. आणि काही मुलांना खरंच नाही आवडत. तुमच्या मुलीला गणितही आवडत असेल तर दोन्ही ठेवा, पीसीएमबी, कॉलेज देत असेल तर. मी सोडलं म्हणून तिने सोडावं असं नाही. काका म्हणतात म्हणून ठेवावं असंही नाही.

मार्कांचं म्हणाल तर अकरावीचे कॉलेजच्या हातात असतात, बारावीला लेखी ७० आणि प्रॅक्टिकल ३०. सीईटीला (राज्याची प्रवेश परीक्षा) अकरावीचा भाग कमी, साधारण २० टक्के, पण नीटला (मेडिकलची प्रवेश परीक्षा) ७२० पैकी ३६० मार्क बायोचे आणि तिथे अकरावी बारावी दोन्ही येतं, म्हणून स्टेट बोर्डाची असली तरी एनसीईआरटीचं (सीबीएसईच्या मुलांचं) पुस्तक आत्ताच घेऊन ठेवा, महाग नाहीये. नीटची तयारी कशी करायची ते मला विचारू नका, माझ्या वेळी ती परीक्षाच नव्हती, त्यासाठी वेगळा प्रश्न टाका, इथे हल्लीची मुलं आहेत ती सांगतील. आणि डिसेक्शनची भीती असेल तर आता बहुतेक ठिकाणी झुरळ कापायला देत नाहीत, मॉडेल नाहीतर चार्टवर भागवतात. ब्लेडने बोट मात्र कापतंच एकदा तरी, बॅगेत बँडएड ठेवायला सांगा.