पडवीत मुलं दिसणं, नॉर्मल एमआरआय आणि हॅलोपेरिडॉल

भासांवर दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय सुरू करू नका. तुम्ही लिहिलंय, कणकवलीजवळच्या घरी बाबांना तिन्हीसांजेला पडवीत, तिथे नसलेली मुलं बसलेली दिसतात, एक दिवस हिशेब चोख तर दुसऱ्या दिवशी गुंगी, चाल आखडलीय, आणि झोपेत हातपाय झाडणं तर जुनंच. हे सगळं एकत्र आलं की लेवी बॉडी डिमेन्शियाचा (मेंदूच्या पेशी बिघडून विचारशक्ती ढासळते तो आजार) दाट संशय घ्यावा. देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, पण औषध चुकलं तर जिवावर बेततं.

या आजारात अल्फा-सायन्यूक्लिन हे प्रथिन चुकीचं दुमडून पेशींच्या आत गोळा होतं. फ्रिडरिख लेवी यांनी १९१२ मध्ये हे गोळे वर्णन केले. ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात, त्यामुळे बाबांचा एमआरआय नॉर्मल आला म्हणून त्यावर विसंबू नका. यात डोपामिन आणि अ‍ॅसिटिलकोलीन ही मेंदूतली निरोप पोचवणारी दोन्ही रसायनं घटतात. हॅलोपेरिडॉल उरलेल्या डोपामिनचंही काम अडवतं: माणूस ताठरतो, गिळता येत नाही, ताप चढतो.

हाच धोका चक्करेवरच्या प्रोक्लोरपेराझिनचा आणि उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडचा. गावात ही इंजेक्शनं सर्रास दिली जातात, म्हणून तिन्ही नावं फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा. थरथरीसाठीची ट्रायहेक्सिफेनिडिल आणि सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन भास नि गोंधळ वाढवतात.

बांबोळी (गोव्याचं सरकारी मेडिकल कॉलेज) किंवा कोल्हापूरला न्यूरॉलॉजिस्टना रिवास्टिग्मिनबद्दल, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन टिकवणाऱ्या औषधाबद्दल, विचारा. सहसा १.५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, जेवणासोबत. डोस हळूहळूच वाढवतात. नाडी मंदावू शकते, म्हणून आधी ईसीजी. उपाशीपोटी दिलं की उलट्या होतात, आणि मग नेमकं मेटोक्लोप्रमाइड टोचलं जातं.

बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने उतरला तर चक्कर त्यामुळेच असू शकते. एकाएकी गोंधळ वाढला तर आधी लघवीचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता तपासा.

पावसाळ्यात पडवीच्या दोरीवर वाळत घातलेले कपडे अंधुक उजेडात माणसं वाटतात. ते माजघरात हलवा, चार्जिंगचा दिवा लावून ठेवा. कोयती, विळा बिछान्यापासून लांब. मुलं दिसली तर वाद घालू नका. भीती वाटत नसेल, तर भासांवर गोळीची गरजही नसते.