दिवाळीनंतर कौसानीला जावे, पण घाईने नव्हे

प्रश्न : सत्तरी ओलांडलेल्या आईला बर्फाची शिखरे पाहायची आहेत. नैनिताल-मसुरीची गर्दी तिला नको आहे आणि फार उंचीही सोसणार नाही. दिवाळीनंतर जाता येईल असे एखादे शांत गाव सुचवाल का? मुंबईहून तेथे कसे पोहोचावे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपण उत्तराखंडमधील कौसानीला जावे, असे मी मनापासून सुचवीन. बागेश्वर जिल्ह्यातील हे गाव सुमारे १८९० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेचा त्रास साधारणतः अडीच हजार मीटरच्या पुढे जाणवू लागतो, त्यामुळे ती चिंता फारशी उरत नाही. पावसाळ्याने धुतलेली हवा कार्तिकात स्वच्छ असते आणि त्रिशूळ, नंदादेवी, पंचचुली ही शिखरे गावातूनच दिसतात. नंदादेवी ७८१६ मीटर उंच असूनही जवळचा त्रिशूळच डोळ्यांत अधिक भरतो. दुपारकडे बहुधा ढग येतात, म्हणून आईंना शाल पांघरून सूर्योदयापूर्वीच गच्चीत बसवावे.

प्रवासाचे नियोजन मात्र काळजीपूर्वक करावे लागेल. मुंबईहून संध्याकाळी निघणाऱ्या राजधानीने सकाळी दिल्ली गाठावी, तो दिवस व रात्र तेथे विश्रांती घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या शताब्दीने दुपारपर्यंत काठगोदामला उतरावे. रात्रीची राणीखेत एक्स्प्रेसही आहे. परंतु ती जुन्या दिल्लीच्या स्थानकावरून सुटते आणि अगदी पहाटे काठगोदामला पोहोचते, म्हणून आईंसाठी शताब्दीच बरी. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. दिवाळीच्या दिवसांत पहिल्याच सकाळी तिकिटे काढावीत.

काठगोदामहून कौसानी सुमारे १३० किलोमीटर असली, तरी वाट सगळी वळणांची आहे. हे अंतर एका दमात कापण्याचा हट्ट धरू नये. भवाली, खैरना करीत अंधार पडण्यापूर्वी अल्मोड्याला पोहोचावे, तेथे मुक्काम करावा आणि सकाळी सोमेश्वरमार्गे उरलेला पन्नासेक किलोमीटरचा टप्पा पार करावा. गाडी लागत असेल तर निघण्यापूर्वी पोट फार भरू नये आणि औषध डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

कौसानीत किमान तीन रात्री राहावे. दोनच रात्री राहिलात आणि नेमके ढग आले, तर एवढ्या लांबच्या प्रवासानंतर शिखरे न पाहताच परतावे लागेल. महात्मा गांधी १९२९ मध्ये येथे राहिले होते आणि गीतेच्या गुजराती अनुवादाची, ‘अनासक्तियोगा’ची, प्रस्तावना त्यांनी येथेच लिहिली. त्यांच्या मुक्कामाच्या जागी आज अनासक्ती आश्रम आहे. आईंना गीतेची आवड असल्यास तेथील सायंप्रार्थनेला त्यांना अवश्य न्यावे. एका सकाळी गोमतीकाठची बैजनाथची प्राचीन मंदिरे पाहून यावीत. जेवणाची अडचण पडू नये : पहाडात मंडुव्याची भाकरी मिळते, आणि मंडुवा म्हणजे आपली नाचणीच.